पत्रा उघडला त्याच दिवशी झाकला: ऐरोलीतल्या एका जुन्या गाडीची रंगापूर्वीची तयारी

गाडी पांढरी, पाच दारांची, पेट्रोलवर चालणारी. २०१० साली वाशीच्या आरटीओत एमएच-४३ क्रमांकाने नोंदलेली. २०२५च्या जूनमध्ये तिला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी प्रत्यक्ष दाखवून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि महाराष्ट्रात त्यासोबत ग्रीन टॅक्सही भरावा लागतो. या गाडीचं इंजिन ठणठणीत होतं, गिअर लोण्यासारखा पडत होता, आणि मालकांना ती विकायची नव्हती. प्रश्न होता तो पत्र्याचा.

मालक निवृत्त शिक्षक. नवी मुंबईत, खाडीकाठच्या ऐरोलीत सिडकोच्या रो-हाउसमध्ये राहतात, आणि अख्खी गल्ली त्यांना सर म्हणते, म्हणून इथेही सरच म्हणतो. मी रबाळे एमआयडीसीत लोखंडी भागांच्या रंगकामाच्या लाइनवर काम करतो. गाड्या रंगवणं हा माझा व्यवसाय नाही, पण पत्रा रंगासाठी तयार करणं हे रोजचं काम. सरांनी मला विचारलं ते नेमकं एवढंच: "रंग बाहेरून मारून घेऊ, पण त्याआधीची घासाघाशी मी आणि पोरीने घरीच केली तर चालेल का?" मुलगी मेकॅनिकलचा डिप्लोमा करते आणि हातात हत्यार धरायला उत्सुक होती.

चालेल, असं मी म्हणालो. फक्त खाडीच्या काठावर एक गोष्ट इतर सगळ्या गोष्टींच्या वर ठेवावी लागते, आणि हे प्रकरण लिहून काढायचं कारणही तेच. घरी गाडी तयार करण्याच्या बऱ्याच सूचना थंड, कोरड्या हवेतल्या लोकांनी लिहिलेल्या असतात. त्यात पत्रा मोकळा करा, मग दुसऱ्या दिवशी प्रायमर मारा, असं सहज सांगितलेलं असतं. ऐरोलीत तो दुसरा दिवस मिळत नाही, कारण खाडीच्या दमट, खारट हवेत उघडा पत्रा एका रात्रीत गंजू लागतो.

आधी टकटक, मग कागद

वरून पाहिलं तर गाडीला फार काही झालेलं दिसत नव्हतं. डाव्या मागच्या चाकावरच्या कमानीला तळहाताएवढ्या जागेत फुगे, दोन्ही मागच्या दारांच्या खालच्या कडेला तपकिरी रेघ, डाव्या दाराखालच्या सिलवर पोपडे. बॉनेट आणि छत फिकट झालेलं पण शाबूत.

मी लाइनवर वापरतो तो जाडी मोजायचा मीटर आणला होता. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या अंगावर सगळे थर मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन रंग असतो, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा. छतावर तेवढाच आकडा आला. कमानीवर मीटर दीड हजाराच्या पुढे गेला. मीटर नसलेल्यांसाठी साधं लोहचुंबक पुरेसं आहे: पातळ फडक्यात गुंडाळून पॅनलभर फिरवायचं, जिथे पकड सुटते तिथे आत पुट्टीचा जाड थर आहे. बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं तरी कळतं. मोकळा पत्रा खणखणतो, पुट्टी भरलेला भाग बद्द वाजतो.

सरांना तेव्हा आठवलं, तीन-एक वर्षांपूर्वी एका गॅरेजने ती कमान करून दिली होती. पुट्टी खरवडल्यावर काय झालं होतं ते उघड झालं. गंज न काढता त्यावरच पुट्टी भरली होती, आणि ती पुट्टीही बहुधा बरेच दिवस तशीच उघडी राहिली असावी. पॉलिएस्टर पुट्टीत निम्म्याच्या आसपास शंखजिऱ्याची भुकटी आणि तशीच भरणीची द्रव्यं असतात, त्यामुळे ती ओलावा शोषते. हे ज्याला माहीत नाही, तो ती घट्ट झाली म्हणजे जलरोधक झाली असं समजतो. पुट्टीने शोषलेलं पाणी थेट पत्र्याला जाऊन भिडतं, वर रंगाचा थर असल्याने त्याला बाहेर पडायला वाट नसते, आणि गंज आतून वाढत वाढत रंग उचलतो. दोन पावसाळ्यांत फुगे येतात, ते असे.

टोच्याने दाबून पाहणं ही पुढची पायरी, आणि ती टाळून चालत नाही. लहान गाड्यांचा बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. गंजाने त्यातला अर्धा खाल्ला की टोच्या आरपार जातो. कमानीच्या आत दुमडलेल्या कडेला, जिथे चाकाने उडवलेला चिखल वर्षानुवर्षं साचतो, तिथे दोन ठिकाणी टोच्या गेलाच. सिलवर गेला नाही. डाव्या मागच्या दाराच्या खाली एका ठिकाणी पत्रा दबला, पण भोक पडलं नाही.

दाराचं कारण वेगळं होतं, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरतंच. ते उतरणार हे धरूनच दाराच्या तळाशी पाणी निघायला भोकं ठेवलेली असतात. या गाडीची ती भोकं माती, पानांचा चुरा आणि कधीतरी मारलेल्या काळ्या रबरी कोटिंगने बंद झाली होती. म्हणजे पावसाळाभर दारं आतून पाण्यात उभी. बाहेरून कितीही सुंदर रंग मारला असता, तरी गंज आतूनच आला असता. सरांच्या मुलीने जाड तारेने भोकं मोकळी केली तेव्हा जानेवारी महिन्यातही एका दारातून काळपट पाण्याची धार लागली. त्या धारेकडे पाहून सर म्हणाले, "म्हणजे आपण आजवर रोगाला सोडून चेहऱ्याला औषध लावत होतो."

घरी कुठवर

मग आम्ही बसून काय घरी करायचं आणि काय नाही, ते ठरवलं.

भोक पडलेली कमान घरी करायची नाही. भोकावर जाळी लावून पुट्टी भरण्याचा प्रकार सर्रास चालतो. तो फार तर वर्षभर टिकतो. गंजलेला तुकडा कापून नवा पत्रा जोडायलाच हवा, आणि तोही सीओटू वेल्डिंगने, कारण गॅसच्या ज्योतीने इतका पातळ पत्रा वाकडा होतो. कमानीच्या मागेच पेट्रोल भरायची नळी किंवा आतलं कापड-फोम असू शकतं. हे काम डेंटरचं, घराच्या ओट्यावरचं नाही. गाडी त्या कामाला गेली आणि जोड घासून, वर झिंकचा हात मारून परत आली.

टू-के रंग, म्हणजे हार्डनर (घट्ट करणारं द्रव्य) मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग, घरी फवारायचा नाही. यावर मी अजिबात तडजोड करत नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्याला बिथरलं की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही झटका येऊ शकतो. वासावरून धोका कळत नाही, कारण वास यायच्या आतच हवेतलं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या पुढे गेलेलं असतं. मेडिकलमधला कापडी मास्क तिथे काहीच करत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारं शिरस्त्राण लागतं. रो-हाउसच्या भिंतीपलीकडे शेजारच्या मावशींचं स्वयंपाकघर आणि त्यांची छोटी नात. हा निर्णय घ्यायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

उरलं ते असं: धुणं, तेलकटपणा काढणं, गंज घासणं, इपॉक्सी प्रायमर ब्रशने लावणं, पुट्टी, आणि घासणं, घासणं, घासणं. इपॉक्सीच्या हार्डनरमध्ये साधारणपणे अमाइन असतं, आयसोसायनेट नसतं, आणि ब्रशने लावलं तर फवाराही उडत नाही. पण ते कातडीला बाधतं, म्हणून नायट्राइलचे हातमोजे आणि मोकळी हवा हवीच.

एक काम मात्र घासायच्या आधी केलं. सरांना घेऊन मी रबाळ्याच्या ज्या बूथवर, म्हणजे गाड्या रंगवायच्या बंद खोलीत, रंग मारून घ्यायचा होता तिथे गेलो आणि पेंटरला विचारलं, तुम्ही कुठल्या थरावर रंग मारायला तयार आहात? लोक बहुतेकदा हे शेवटी विचारतात. घरी डब्यातला साधा स्प्रे प्रायमर किंवा लाल एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी लावून नेली, की बूथवरच्या रंगातलं थिनर त्या थराला परत विरघळवतं आणि रंगाला सुरकुत्या येतात. अनुभवी पेंटर अशा कामाची हमी घेत नाही, आणि ते योग्यच आहे. या पेंटरने स्पष्ट सांगितलं: खाली टू-के, म्हणजे हार्डनर मिसळायचं, इपॉक्सी आणि पॉलिएस्टर पुट्टी, बाकी काही नको. सरफेसर, म्हणजे रंगाखालचा समतल करणारा थर, मी मारेन, तुम्ही गाडी घरी नेऊन तो घासा, मग मी रंग मारतो. म्हणजे गाडी बूथला दोनदा जाणार. घरापासून जवळ असल्याने ते जमणार होतं.

रंग तोच पांढरा ठेवायचा, हेही तेव्हाच ठरलं. रंग बदलला की आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते, आणि पुनर्नोंदणीच्या तोंडावर सरांना ती भर नको होती.

हवेचा हिशोब

काम संक्रांतीनंतर सुरू केलं. ऑक्टोबर नको, कारण पावसाचा ओलावा जमिनीत आणि हवेत असतो. मे नको, कारण खाडीवरून दमट वारा येतो आणि उन्हात पत्रा हात लावू न देण्याइतका तापतो. जानेवारी-फेब्रुवारीत दुपारची हवा इथे कोरडी मिळते. पण सकाळी गाडीवर दव असतं, आणि सूर्य मावळला की पत्रा हवेच्या आधी थंड होतो.

आमच्या लाइनवर जो नियम भिंतीवर लिहिलेला आहे तोच सरांच्या ओट्यावर लावला: पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं, त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त हवं, आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. उदाहरण घेऊ. हवा २५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू १७च्या जरा खाली येतो. पत्रा २५ अंशांचा असेल तर आठ अंशांची मोकळीक मिळते, बिनधास्त काम करा. आता हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के धरा. दवबिंदू सव्वापंचवीसवर जातो. पत्रा हवेएवढाच गरम असला तरी तीन अंशांचं अंतरही उरत नाही. डोळ्यांना पत्रा कोरडा दिसतो, पण त्यावर पाण्याचा इतका पातळ पापुद्रा असतो की प्रायमर पत्र्याला न धरता त्या पापुद्र्यावर बसतो.

सरांनी एक साधा आर्द्रतामापक भिंतीला टांगला आणि कपाळावर धरतात तसला नाही, पण कामगारांकडचा इन्फ्रारेड थर्मामीटर आणला. त्यात एक खोच आहे. चकचकीत उघड्या पत्र्यावर तो थर्मामीटर खोटा आकडा दाखवतो, कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी फेकतो आणि आजूबाजूचीच परावर्तित करतो. म्हणून शेजारी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवायचा आणि त्यावर मोजायचं.

यातून दिवसाचा नियम निघाला, आणि सगळं काम त्याच्याभोवती बांधलं गेलं: सकाळी दव पूर्ण उतरल्यावर पत्रा उघडायचा, आणि दुपारी तीनच्या सुमारास त्यावर इपॉक्सी लागलेलंच असलं पाहिजे. जेवढी जागा त्या वेळात झाकता येईल तेवढीच उघडायची. एका दिवशी एका दाराची कड, त्याहून जास्त नाही. मुलीला सुरुवातीला हे संथ वाटलं. "दादा, ग्राइंडर लावला तर दोन्ही दारं एका दुपारी मोकळी होतील," असं ती म्हणाली. मोकळी होतील हे खरं होतं, पण झाकली गेली नसती. खाडीची हवा खारट आहे. उघडा पत्रा रात्रभर राहिला तर सकाळी त्यावर नारिंगी धुरकट छटा येते, आणि ती पुसली तरी घासलेल्या चरांच्या तळाशी राहते.

रात्री गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हरही घातलं नाही. कव्हरखाली ओल अडकते आणि पहाटे आतल्या बाजूने थेंब धरतात. चार बांबूंना वर ताडपत्री बांधून खालून हवा खेळती ठेवली.

घासण्याआधी पुसणं

पहिला दिवस पूर्ण धुण्यात गेला: वॅक्स नसलेला शाम्पू, चाकांच्या खाचांत पाण्याचा जोरदार फवारा, दारांच्या पोटात पाण्याचा पाइप. मग गाडी उन्हात वाळू दिली.

त्यानंतर पॅनल वाइपने, म्हणजे तेलकटपणा काढायच्या द्रावणाने, पुसणं, आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी तेलकटपणा काढायचा, मग घासायचं. उलट केलं तर घासायचा कागद तेल, मेण, सिलिकॉन घेऊन पत्र्याच्या चरांत भरतो आणि नंतर ते कशानेच निघत नाही. सिलिकॉन आलं कुठून, असा प्रश्न पडतो. ते टायर चमकवायच्या स्प्रेतून येतं, डॅशबोर्डच्या पॉलिशमधून येतं, बिजागऱ्यांत मारलेल्या वंगणातून येतं. रंग मारताना त्या जागी गोल खळगे पडतात, ज्यांना पेंटर फिश-आय म्हणतात. सरांच्या ओट्यावर आणखी एक गोष्ट होती: स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा थेट गाडीच्या उजव्या बाजूवर फुंकत होता. फोडणीचा तेलकट थर त्या दारावर बोटाने ओढता येत होता. काम चालू असेपर्यंत पंख्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा लावून हवा वर वळवली.

पुसायला दोन फडकी लागतात. एका ओल्याने पॅनल वाइप पसरवायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलायचं. उडून गेलं तर घाण विरघळून परत तिथेच बसते. गॅरेजमध्ये एनसी थिनरने पुसायची सवय आहे. ते जुन्या टच-अपचा रंग मऊ करतं, म्हणून ते वापरलं नाही. आणि पुसल्यानंतर उघड्या हाताने पत्र्याला स्पर्श नाही. घामातलं मीठ बोटांचे ठसे उमटवतं आणि ते ठसे गंजतात.

गंज काढायला ८० नंबरचा कागद (नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक). मधलं साधन म्हणून तारेचा गोल ब्रश ड्रिलला लावला, पण त्याच्यावर विसंबू नये, कारण तो गंजाला नुसती चमक आणतो आणि तो निघाल्यासारखा दिसतो. कागदाने चकचकीत उघडा पत्रा दिसेपर्यंत घासायचं. जिथे बारीक खड्डे पडलेत तिथे टोकदार पात्याने एकेक खड्डा उकरायचा.

खड्ड्यांच्या तळाशी मीठ असतं. घासून ते निघत नाही, आणि राहिलं तर इपॉक्सीखालीही गंज पुढे चालू राहतो. मीठ काढायला पाणी हवं, आणि पाणी उघड्या पत्र्याला नको. हा पेच सोडवायला एक स्वस्त वस्तू उपयोगी पडली: बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी. पहिली जाडी घासणी झाली की ते पाणी गरम करून नायलॉनच्या ब्रशने खड्डे घासायचे, फडक्याने टिपायचे आणि लगेच हॉट एअर गनने पूर्ण वाळवायचे. मग परत एकदा ८०ने घासून, पॅनल वाइप फिरवून इपॉक्सी. नळाचं पाणी इथे चालत नाही, कारण त्यात स्वतःचेच क्षार असतात.

रस्ट कन्व्हर्टरबद्दल सरांनी बरंच ऐकलं होतं. फॉस्फोरिक आम्लाचा असो की टॅनिक आम्लाचा, तो उरलेल्या गंजाचं रूपांतर करतो, टॅनिकवाला निळसर काळा पडतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण आम्लाचा अंश राहिला तर वरचं इपॉक्सी आणि पुट्टी दोन्ही नीट धरत नाहीत. जिथे कागद पोहोचतो तिथे तो लावायचाच नाही, असं ठरवलं. फक्त दुमडीच्या आत, जिथे हातच जात नव्हता, तिथे लावला आणि तो भाग पुट्टीपासून दूर ठेवला.

इपॉक्सी डब्यावरच्या प्रमाणात मिसळून, सांगितलेला वेळ थांबून, मऊ ब्रशने दोन हात. ब्रशच्या रेघा दिसतात, पण नंतर त्या घासल्याच जाणार असतात.

पुट्टी, आणि तिच्यासाठी वजनकाटा

पुट्टी थेट पत्र्यावर लावावी की इपॉक्सीवर, यावर गॅरेजवाल्यांत दोन्ही मतं आहेत आणि दोन्ही पद्धती चालतात. पण दमट हवेत मी इपॉक्सीवरच लावायला सांगतो. पुट्टीने उद्या ओल शोषली, तरी तिच्या आणि पत्र्याच्या मध्ये एक बंद थर असतो. इपॉक्सी रात्रभर वाळल्यावर १८०ने त्याची चमक मारली आणि मग पुट्टी.

हार्डनरचं प्रमाण वजनाने २ टक्क्यांच्या आसपास: १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम. अंदाजाने नळी पिळणारे हमखास जास्त घालतात, कारण लवकर वाळलेली पुट्टी कामाला बरी वाटते. हार्डनरमधलं जास्तीचं पेरॉक्साइड मात्र तिथेच राहतं आणि नंतर रंगातून डाग वर येतो. पांढऱ्या गाडीवर तो पिवळट डाग लपत नाही. मुलीने ऑनलाइन मागवलेल्या छोट्या काट्यावर प्रत्येक वेळी वजन केलं. आपल्या उन्हात पुट्टी चार-पाच मिनिटांत धरते, म्हणून एका वेळी लिंबाएवढीच कालवायची आणि पातळ हात द्यायचे. पूर्ण झाल्यावर थर ३ मिलिमीटरपेक्षा जाड नको. जास्त खोल असेल तर पत्राच ठोकून वर आणायला हवा होता असा त्याचा अर्थ.

घासायला लाकडी ठोकळा, बोटं नाहीत. बोटांखाली चर पडतात आणि ते रंगाच्या चमकेत पन्हाळीसारखे दिसतात. क्रम ८०, १२०, १८०, २४०. मधला नंबर गाळला तर आधीच्या कागदाचे ओरखडे पुढचा कागद काढू शकत नाही, आणि रंग वाळून बसला की तेच ओरखडे महिन्याभराने वर दिसू लागतात. हात नेहमी तिरपा, एकदा या दिशेने आणि एकदा त्या. जुन्या रंगाची कड पॅनलवर पायरीसारखी राहू द्यायची नाही. रंग, प्रायमर, खालचा थर यांच्या कड्या एकामागे एक बोटभर रुंद दिसायला हव्यात आणि डोळे मिटून हात फिरवला तर काहीच लागायला नको.

सर हे काम फार मन लावून करत. ते डोळे मिटून तळहात पॅनलभर फिरवत आणि "इथे अजून आहे" म्हणत, आणि तिथे खरंच असायचं. कापडी हातमोजा घालून हात फिरवला तर उंचसखल जास्त चांगलं कळतं, कारण कापड घसरतं आणि फक्त आकार उरतो. हे त्यांनीच शोधलं.

पुट्टी कोरडीच घासली. पाणी लावून घासलं तर धूळ उडत नाही आणि कागद टिकतो, म्हणून मोह होतो. पण पुट्टी पाणी पिते आणि मग पहिल्या गॅरेजने केलं तेच आपण करतो. धुळीसाठी एन-९५ मास्क लावले, ओटा ओला ठेवला आणि मावशींना आधी सांगून त्यांचं वाळण आत घ्यायला लावलं. २४०चा हात संपला त्याच दुपारी पुट्टीवर परत इपॉक्सीचा एक हात मारला. पुट्टीलाही पत्र्याचाच नियम: तिने रात्र उघड्यावर काढायची नाही.

बूथ, परत घर, परत बूथ

सगळी डावी बाजू आणि उजवं मागचं दार-कमान मिळून फेब्रुवारीच्या उत्तरार्धात गाडी पहिल्यांदा बूथला गेली. पेंटरने इपॉक्सी पाहून नख ओढून बघितलं आणि मान हलवली. त्याने सरफेसर मारला, आणि तो पूर्ण कडक झाल्यावर गाडी ओट्यावर परत आली.

आता गाइड कोट. राखाडी सरफेसरवर काळ्या स्प्रेचा अगदी हलका धुरळा मारायचा आणि ठोकळ्यावर ४००चा कागद लावून घासायचं. उंच भागावरचा काळा आधी जातो, खोल भागात तो उरतो. डाव्या मागच्या दारावर पंजाएवढी एक काळी जागा काही केल्या जाईना. ती जाईपर्यंत घासत बसलं असतं तर भोवतीचा सरफेसर फुटून पुट्टी उघडी पडली असती. तिथे पातळ फिनिशिंग पुट्टीचा हात देऊन परत समतल केलं, आणि पेंटरला टेपने खूण करून सांगितलं की इथे सरफेसर पुन्हा लागेल. शेवटचा हात ६००चा, पाण्याने. सरफेसर शाबूत असल्याने इथे पाणी चालतं. फक्त खूण केलेली जागा कोरडी ठेवली. साध्या पांढऱ्याला ६०० पुरतो. मेटॅलिक रंग असता तर ८००पर्यंत जावं लागलं असतं, कारण त्यातल्या चंदेरी कणांत बारीक ओरखडाही दिसतो.

दारांचे हँडल, काचेच्या कडेची पट्टी, मागचा दिवा हे सगळं टेपने झाकण्याऐवजी काढूनच ठेवलं. टेपच्या कडेने रंगाची धार राहते आणि पहिल्यांदा तिथूनच तो उकलतो. स्क्रू पिशव्यांत घालून पिशव्यांवर नावं लिहिली होती.

जुना पांढरा पंधरा वर्षांत किंचित पिवळा झाला होता. पेंटरने डब्यातला पांढरा न मारता बंद असलेल्या दाराच्या कडेला तुकडा धरून छटा जुळवली, आणि प्रत्येक पॅनल रेषेपासून रेषेपर्यंत मारलं, मधेच रंग विरवला नाही. दुपारच्या उन्हात बॉनेट आणि दार यांत फरक शोधावा लागतो.

पाऊस आल्यावर

२०२५ला मान्सून मुंबईत २६ मेलाच पोहोचला, नेहमीच्या तारखेच्या दोन आठवड्यांहून आधी. काम एप्रिल-मेवर ढकललं असतं तर सरफेसर घासण्याच्या मध्यावर पाऊस पडला असता. गाडी तोवर पुनर्नोंदणीच्या तपासणीला दाखवून झाली होती आणि पत्र्यावरून काही विचारणा झाली नाही.

रंगानंतर राहिलेलं एक काम एप्रिलमध्ये केलं: दारांच्या पोटात आणि सिलच्या आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स सोडलं. हे रंगाच्या आधी करायचं नसतं, कारण मेणाचा अंश बाहेर आला की रंग बसत नाही. नळी घातल्यावर तळाची भोकं परत तारेने मोकळी केली. मेणाने ती बुजतात.

गणपतीनंतर मी मीटर घेऊन परत गेलो. कमान आणि सिल स्वच्छ. डाव्या मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे टोच्याने पत्रा दबला होता, तिथे दुमडीच्या आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढी तपकिरी रेघ दिसते आहे. ती बाहेर आलेली नाही. तिथे पत्रा मुळातच पातळ झालेला आहे, आणि त्या दाराची खालची कड कापून नवा पत्रा जोडावा असं माझं मत आहे. सर म्हणाले, संक्रांत होऊ दे. मुलीने तोवर दर पंधरवड्याला त्या रेघेचा फोटो पट्टी लावून काढायचं ठरवलं आहे.